पिकअपचे ब्रेक पॅड वारंवार संपतात? डिस्क-पॅड घेताना या चुका टाळा

कसारा घाटात माझ्या पिकअपचं पेडल खाली गेलं, तेव्हा मागे टोमॅटोचे 80 क्रेट होते. एका क्रेटमध्ये 20 किलो, म्हणजे नुसता माल 1600 किलो. पिंपळगावहून वाशीला निघालो होतो. पाय दाबतोय, पेडल स्पंजासारखं आत जातंय आणि गाडी उतरतच राहतेय. गिअर खाली घेतला, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी डोंगराच्या बाजूला लावली. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर निघत होता. ब्रेक पॅड (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी डिस्क दोन्हीकडून दाबून धरणारे ठोकळे) तर महिन्यापूर्वीच बदललेले, तेही "सगळ्यात टिकाऊ" म्हणून जास्त पैसे मोजून घेतलेले.

मिस्त्रीने चारही चाकं खोलली तेव्हा कळलं की पॅडचा दोष नव्हता. मागच्या ड्रममधले लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे, ड्रमला जेमतेम टेकत होते आणि ब्रेक ऑइल चार वर्षं बदललेलं नव्हतं. सगळा भार पुढच्या दोन डिस्कवर पडत होता.

तो भार किती, हे एकदा समजून घ्या. इगतपुरी ते कसारा साधारण 300 मीटरचा उतार आहे. गाडी आणि माल मिळून साडेतीन टन धरले, तर तेवढं खाली उतरताना जी ऊर्जा सुटते, तिच्यावर 30 लिटरहून जास्त साधं पाणी उकळेल. त्यातली काही इंजिन, टायर आणि हवा खाते. उरलेली सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. म्हणून पॅड किती टिकेल हे त्याच्या कडकपणापेक्षा उष्णता चार चाकांत कशी वाटली जाते, यावर जास्त ठरतं.

मागचं न बघता पुढचं बदलणं

आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. पुढचे पॅड लवकर संपले की आपण पुढचेच बदलतो, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेच. पॅड विकत घेण्याआधी मागचे ड्रम काढायला लावा. लायनर किती उरलेत, लायनर बाहेर ढकलणारा व्हील सिलिंडर गळतो का, झिजलेले लायनर ड्रमजवळ सरकवणारा ऑटो ॲडजस्टर जाम झालाय का, हे बघा. द्राक्षबागांच्या कच्च्या रस्त्यांवर ड्रममध्ये धूळ-चिखल इतका बसतो की ॲडजस्टर हलतच नाही.

दुसरी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, म्हणून इथे मुद्दाम सविस्तर लिहितो. जास्त माल बसावा म्हणून आपण मागच्या स्प्रिंगला एखादा पाटा वाढवून घेतो. पण बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो, मिस्त्री त्याला एलएसपीव्ही म्हणतात. माल भरल्यावर गाडी मागे किती दबली, त्यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवतो. पाटा वाढवला की गाडी दबतच नाही. व्हॉल्व्हच्या हिशेबी गाडी रिकामी असते आणि तो मागचा ब्रेक कमी ठेवतो. गाडी भरलेली, मागचा ब्रेक मात्र रिकाम्या गाडीचा! पाटा वाढवलेला असेल तर तो काढून मूळ पाटे बसवा आणि व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या मापाला सेट करून घ्या. क्षमतेपेक्षा जास्त माल भरायचा आणि वर टिकाऊ पॅड शोधायचे, हे जमणारं नाही.

"कडक" पॅड मागणं

दुकानात जाऊन "कडक द्या, टिकले पाहिजेत" असं सांगितलं की हलका डुप्लिकेट मालही कडक म्हणून गळ्यात पडतो. तो डिस्क खरवडतो, आणि तापला की पकड सोडतो. सिरॅमिक पॅड शहरातल्या कारला उत्तम, आवाज कमी, चाकांवर काळी धूळ कमी. मालाच्या गाडीला, घाटाच्या कामाला माझं मत चांगल्या सेमी-मेटॅलिकच्या बाजूने आहे. त्यात धातूचं प्रमाण जास्त असतं, उष्णता तो चांगली सोसतो. थोडा कुरकुर करतो आणि डिस्कही जरा जास्त झिजवतो, पण घाटात पाय ठेवला की पकडतो.

पॅडच्या पाठीवर किंवा कडेवर बऱ्याचदा दोन अक्षरी कोड असतो, जसं एफएफ किंवा जीजी. पहिलं अक्षर साध्या तापमानातल्या पकडीचं, दुसरं तापल्यानंतरच्या पकडीचं. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा कमी पकडीचं असेल, जसं एफई, तर तो पॅड घाटासाठी घेऊ नका. टिकण्याबद्दल हा कोड काही सांगत नाही, तापल्यावर पकड सुटेल का एवढंच सांगतो.

पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदला, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढेल.

डिस्कची जाडी न मोजणं

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. नवी डिस्क आणि बाद डिस्क यांत बऱ्याचदा 2 मिलिमीटरचाच फरक असतो, तो डोळ्याला दिसत नाही. लेथवर फेस मारून घेणं, म्हणजे डिस्क घासून सपाट करणं, स्वस्त पडतं खरं, पण फेस मारल्यावर उरलेली जाडी किमान आकड्याच्या वर आहे का, हे मायक्रोमीटरने मोजून घ्या. पातळ डिस्कमध्ये उष्णता साठवायला लोखंडच कमी उरतं.

नवी घेताना मधून हवा खेळणारी, मूळ मापाची आणि मूळ वजनाची साधी डिस्क घ्या. जुनी आणि नवी दुकानातच तराजूवर ठेवा. जुनी झिजलेली असूनही जड भरली, तर नवीत लोखंड वाचवलंय. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला छान असतात, पण जड कामात भोकांपासून तडे जातात. त्या घेऊ नका.

थरथर आली की डिस्कला दोष देणं

ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं की "डिस्क बाकली" म्हणून नवी घेतली जाते आणि काही दिवसांत थरथर परत येते. बऱ्याचदा कारण हबवरचा, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागावरचा, गंज असतो. इगतपुरीच्या पावसात गाडी फिरते, हबवर गंजाचा पापुद्रा धरतो आणि त्यावर नवी डिस्क किंचित तिरकी बसते. 0.05 मिलिमीटरचा डोलही पुढे थरथर आणायला पुरतो. तारेच्या ब्रशने हब घासून चकचकीत करा, मगच डिस्क बसवा. चाकाचे नट समोरासमोर, टॉर्क पान्याने आवळा. आणि घाट उतरून आल्यावर तापलेल्या डिस्कवर पाण्याचा पाइप मारू नका.

एका चाकाचे आतले-बाहेरचे पॅड कमी-जास्त झिजले असतील तर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, गाईड पिन अडकल्यात. साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट 3 ग्रेडचं ऑइल नवं असताना किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर हा आकडा 140 वर येतो. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल आत जातं. माझं असंच गेलं होतं. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल दर दोन वर्षांनी बदला.

डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे की ते करू नका. गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला जो अडसर देतं, तो सगळा त्यात जातो. इंजिन बंद केलं तर दोन-तीन दाबांत पेडल हलकं ठेवणारा बूस्टरही रिकामा होतो आणि पेडल दगडासारखं होतं.

नवे पॅड बसवल्यावर लगेच माल भरून कसाऱ्याला निघू नका. रिकाम्या गाडीने मोकळ्या रस्त्यावर 50 च्या वेगावरून 10 पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा. पूर्ण थांबू नका, मध्ये थोडं अंतर चालवून थंड होऊ द्या. मग पहिल्या भरल्या फेरीला घाट उतरल्यावर गाडी सपाटीवर लावून चारही चाकांजवळ हात धरून बघा, रिमला हात लावू नका. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त गरम असणारच. पण मागची अगदी थंड लागली, तर त्याच दिवशी ड्रम उघडायला लावा.