पेंटर कसा आहे ते रंगाचा डबा उघडायच्या आधीच कळतं

घर रंगवायला काढलं की पहिलं काम काय, तर शेड कार्ड घेऊन बसायचं. मी पण तेच केलं होतं, रंग ठरवायला दोन आठवडे आणि पेंटर ठरवायला अर्धा तास. काम तीन दिवसांत उरकलं, भिंती एकदम चकाचक, सगळे खूश. सहा महिन्यांनी बेडरूमच्या खिडकीखाली एक छोटा फुगा दिसला, तो मी नखाने उचकटला तर हातभर लांब पापुद्रा सोलून हातात आला आणि त्याच्या मागच्या बाजूला पिठासारखी पांढरी भुकटी. ती भुकटी म्हणजे आधीचा जुना रंग, जो कुणी खरवडलाच नव्हता. नवा रंग भिंतीला नाही तर त्या भुकटीला चिकटला होता, मग तो किती दिवस टिकणार.

दुसऱ्या वेळी जो माणूस आला त्याने शेड कार्ड बॅगेतून काढलंच नाही, आधी टॉर्च काढला. म्हणून हा लेख. चांगल्या कामात कुठल्या पायरीला काय व्हायला पाहिजे, आपण काय बघायचं, काय विचारायचं ते क्रमाने लिहितेय.

पायरी 1: पहिली भेट, म्हणजे खरी परीक्षा

चांगला माणूस भिंतीला हात लावतो. तळवा घासून भुकटी येते का बघतो, बोटाच्या पेराने ठोकून गिलावा पोकळ वाजतो का ऐकतो, आणि टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरतो म्हणजे सगळे उंचवटे खड्डे सावल्या पडून उघडे पडतात. हा प्रयोग तुम्ही स्वतः आज रात्री करून बघा, आपली गुळगुळीत वाटणारी भिंत बघून धक्का बसेल.

मग ओल. डाग कुठे आहे यापेक्षा पाणी कुठून येतंय हा प्रश्न त्याने विचारला पाहिजे, पलीकडे बाथरूम आहे का, वर गच्ची आहे का, खिडकीच्या कडेची फट भरलेली आहे का. "काळजी करू नका, वॉटरप्रूफ रंग मारला की झालं" असं कुणी म्हणालं तर तिथेच सावध व्हा, कारण पाणी भिंतीच्या आतून येत असेल तर ते रंगाच्या थराला मागून ढकलतं, सोबत क्षार आणतं आणि पांढरा खार फुटून रंग उडतो. आधी गळती बंद, मग भिंत पूर्ण कोरडी, मग रंग. नवा सिमेंटचा गिलावा असेल तर तोही निदान 28 दिवस तरी मुरू द्यायचा आणि सुकू द्यायचा, घाई करणारा माणूस त्याच्या सोयीने घाई करत असतो.

अजून एक बारीक गोष्ट. जुना रंग तेलाचा आहे की पाण्याचा हे त्याने तपासायला हवं. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन घासलं आणि रंग मऊ होऊन बोळ्याला लागला तर बहुतेक पाण्याचा, काहीच आलं नाही तर बहुतेक तेलाचा. तेलाच्या चकचकीत रंगावर पॉलिश पेपर न मारता, योग्य प्रायमर (रंगाआधीचा पायाचा थर) न लावता थेट इमल्शन, म्हणजे पाण्याचा रंग, मारलं की ते नखाने निघतं.

पायरी 2: कोटेशन लिहून घ्या, आणि नीट लिहून घ्या

"पूर्ण खोलीचे इतके" हे कोटेशन नाही, तो अंदाज झाला. कागदावर पाहिजे ते असं: भिंतींचं मोजमाप (जमिनीचं नाही, भिंतींचं), दारं खिडक्या वजा केल्यात का, पुट्टीचे (भिंत सपाट करायचा लेप) किती हात, म्हणजे किती थर, प्रायमरचे किती, रंगाचे किती, कुठल्या प्रकारचा रंग त्याचं डब्यावरचं पूर्ण नाव, सामान कोण हलवणार, साफसफाई कोण करणार, आणि नंतर काही उखडलं तर किती महिने तो येऊन करून देणार. पुट्टीचे हात विशेष करून विचारा, कारण कमी रेट देणारा बहुतेक तिथेच हात आखडता घेतो.

रंग किती लागेल याचा हिशोब स्वतः करून ठेवा, अवघड नाही. समजा खोली 4 मीटर बाय 3 मीटर आणि उंची 3 मीटर. चारी भिंतींची मिळून लांबी 14 मीटर, गुणिले उंची म्हणजे 42 चौरस मीटर, त्यातून एक दार एक खिडकी गेली की साधारण 38. दोन हात म्हणजे 76. एक लिटर रंग एका हाताला साधारण 10 ते 12 चौरस मीटर पुरतो, नक्की आकडा डब्यावर असतोच. म्हणजे साधारण साडेसहा ते साडेसात लिटर लागणार. आता कुणी म्हणालं की चार लिटरमध्ये दोन हात बसवतो, तर एक तर एकच हात होणार आहे नाहीतर डब्यात पाणी जास्त पडणार आहे. पाणी घालणं चूक नाही हां, पण किती घालायचं तेही डब्यावर लिहिलेलं असतं. डबे तुमच्यासमोर उघडायला सांगा, चांगल्या पेंटरला त्याचा राग येत नाही.

पायरी 3: शेड

कार्डावरचा दोन बोटांचा चौकोन बघून रंग ठरवू नका, भिंतीवर तोच रंग जास्त गडद जास्त भडक वाटतो. निदान दोन बाय दोन फुटाचा नमुना, तोही दोन हात मारून, दोन वेगवेगळ्या भिंतींवर करायला सांगा. सकाळी बघा, संध्याकाळी बघा आणि रात्री तुमचे नेहमीचे दिवे लावून बघा, कारण 2700 केल्विनच्या पिवळसर दिव्यात जो रंग उबदार वाटतो तोच 6500 केल्विनच्या पांढऱ्या दिव्यात आजारी दिसू शकतो.

चमक किती हवी हाही प्रश्न आहे. मॅट भिंतीचे दोष झाकतो, चमकदार रंग ते ओरडून सांगतो. पण चमकवाला पुसायला सोपा, म्हणून किचन, मुलांची खोली इथे सॅटिन, म्हणजे हलक्या चमकेचा, बरा पडतो. सिलिंगला मॅटच.

पायरी 4: झाकाझाकी

हे लवकर सांगून टाकते. सामान मधोमध आणून झाकलेलं, फरशीवर जाड कापड किंवा कागद (नुसतं प्लास्टिक पायाखाली घसरतं), स्विचबोर्डच्या प्लेटा मेन बंद करून काढलेल्या, त्यांच्याभोवती कसातरी ब्रश फिरवलेला नाही. बिजागऱ्या, कड्या, नळ यांवर टेप. पहिल्या दिवशी अर्धा दिवस यात गेला तर वैतागू नका, नाहीतर हाच अर्धा दिवस नंतर फरशीवरचे ठिपके ब्लेडने खरवडण्यात जातो.

पायरी 5: घासणं, भरणं, परत घासणं

इथे पैसे असतात. आणि इथेच घरच्यांचा संयम संपतो, कारण तीन चार दिवस झाले तरी भिंत आधीपेक्षा वाईटच दिसत असते, पांढरे ठिगळ, सगळीकडे धूळ, आणि शेजारी विचारतात अजून सुरूच नाही झालं का.

आधी सुटलेला सगळा रंग खरवडून काढायचा, खरवडायची लोखंडी पट्टी घातली तरी निघतच नाही तिथपर्यंत. किचनच्या भिंतीवरचा तेलकटपणा साबणाच्या पाण्याने धुवायचा, नाहीतर वर काहीच धरत नाही. भेग असेल तर ती उलट थोडी रुंद करतात, म्हणजे पट्टीच्या टोकाने कोरून आतला भुसभुशीत माल काढतात आणि मग भरतात, नुसती वरून लिंपली की पुन्हा त्याच रेषेत उघडते. पुट्टी दोन पातळ हातांत, मध्ये सुकू देऊन. एकाच जाड हातात ओढली की सुकताना तडकते.

मग पॉलिश पेपर. त्याच्या मागे छापलेला आकडा जितका लहान तितका खरखरीत, त्यामुळे खडबडीत ठिकाणी 80 किंवा 120, नंतर 180, आणि शेवटच्या हाताला 220 किंवा त्याहून बारीक. घासून झाल्यावर धूळ पुसली पाहिजे, ही पायरी इतके जण गाळतात की मी आता उभी राहून बघते. घर खूप जुनं असेल तर जुन्या थरांमध्ये शिसं असू शकतं, तिथे कोरडं घासणं चालत नाही, ओलं करून घासायचं आणि लहान मुलं, गरोदर बाई यांना त्या काळात घरात ठेवायचंच नाही.

त्यानंतर प्रायमर, सगळ्या भिंतीला. फक्त पुट्टीच्या ठिगळांवर रंग थेट मारला तर पुट्टी रंग जास्त शोषते आणि तिथे निस्तेज डाग दिसतात, कितीही हात मारा ते डोकावतातच. पाण्याचे पिवळे डाग असतील तर साधा प्रायमर पुरत नाही, डाग दाबणारा वेगळा लागतो. आणि आमच्या त्या दुसऱ्या पेंटरने प्रायमर सुकल्यावर खोलीत अंधार केला, परत टॉर्च आडवा धरला, आणि जिथे सावली दिसली तिथे पेन्सिलने गोल केला. माझ्या मते तयार असलेल्या भिंतीवर तेवीस गोल. ते सगळे भरले, घासले, तेवढ्यावर परत प्रायमर, आणि मग म्हणाला, "ताई, आता उद्या रंग आणा."

पायरी 6: प्रत्यक्ष रंग

क्रम असा: सिलिंग, मग भिंती, शेवटी दारं, चौकटी, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी). वरून खाली, साधं आहे.

एकाच शेडचे दोन तीन डबे असतील तर ते मोठ्या बादलीत एकत्र करायला सांगा, कारण एकाच नंबरच्या दोन डब्यांत किंचित फरक असू शकतो आणि तो बरोब्बर भिंतीच्या मधोमध उघडा पडतो. कोपरे आणि कडा ब्रशने कापल्या, म्हणजे रोलर पोचत नाही तिथे आधी ब्रशने रंगवून घेतल्या, की त्या ओल्या असतानाच रोलर फिरला पाहिजे, आणि रोलरचा प्रत्येक नवा पट्टा आधीच्या ओल्या कडेवर चढला पाहिजे. कड सुकली की तिथे रेघ उमटते. म्हणून भिंत एकदा सुरू केली की पूर्ण करायची, अर्ध्यावर फोनवर बोलायला बाहेर जायचं नाही. जोरात पंखाही नको.

दोन हातांमध्ये पाण्याच्या रंगाला साधारण चार तास लागतात, हवा दमट असेल तर जास्त. हाताला कोरडा लागला म्हणजे आत सुकला असं नाही. टेप काढताना रंग थोडा मऊ असतानाच तिरका ओढून काढायचा, पूर्ण सुकला असेल तर आधी कडेने ब्लेड फिरवायचं, नाहीतर टेपबरोबर रंगाची झालर निघते.

लाकडाला तेलाचं फिनिश करत असाल तर एक गोष्ट गंमत वाटेल पण खरी आहे: जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून ठेवल्या तर आपोआप गरम होऊन पेट घेऊ शकतात. पसरून सुकवायच्या किंवा पाणी भरलेल्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. हे पेंटरला माहीत असलं पाहिजे. वॉलपेपर असेल तर सगळ्या रोलचा बॅच नंबर एकच आहे ना तेवढं उघडायच्या आधी बघा.

पायरी 7: ताबा घेताना

दिवसा फिरा, मग दिवे लावून फिरा, साधारण एक मीटरवर उभं राहून. टॉर्च आता नको, तो तयारीच्या वेळचा, झालेल्या कामावर आडवा टॉर्च मारून चुका काढत बसलं तर जगातली कुठलीच भिंत पास होणार नाही. बघायचं काय: ओघळ, रोलरच्या रेघा, सिलिंग आणि भिंत मिळते ती रेषा सरळ आहे का, दाराची वरची कड रंगवली का (तिथे कुणी बघत नाही म्हणून राहते), काचेवर ठिपके. जिथे खटकलं तिथे टेपचा तुकडा चिकटवा, तोंडी सांगितलेलं अर्धं विसरलं जातं. चमकवाल्या रंगात मधेच टचअप केलं की ठिगळ दिसतं, तिथे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळी भिंत परत मारून मागा. शेवटचा हप्ता हे सगळे तुकडे निघाल्यावर.

धुता येणारा रंग असला तरी पहिले दोन ते चार आठवडे ओल्या फडक्याने घासू नका, तो अजून आतून कडक होत असतो. उरलेला रंग छोट्या घट्ट झाकणाच्या डब्यात, म्हणजे आत हवा कमी राहते, आणि नाल्यात ओतायचा नाही.

मधे हॉलमधला एक स्विच बिघडला म्हणून प्लेट उघडली, तर मागच्या बाजूला मार्करने लिहिलेलं: शेडचा नंबर, रंगाचा प्रकार, तारीख, आणि खाली "2 हात". मला कुणी सांगितलंही नव्हतं. मग बाकीच्या खोल्यांमधल्या प्लेटा पण उघडून बघितल्या, सगळीकडे लिहिलेलं होतं.