१८८५ सालचं घर: हातातल्या कामांची तयारी

लिव्हिंग हिस्टरीच्या कार्यक्रमात, म्हणजे जुन्या काळचे कपडे घालून त्या काळातली कामं लोकांसमोर करून दाखवायची असतील, तर आधी साल ठरवा, मग पिशवी भरा. व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द १८३७ ते १९०१, म्हणजे ६३ वर्षांची. तेवढ्या काळात इंग्लंडमधल्या घरातल्या बहुतेक वस्तू बदलल्या. नुसतं ‘व्हिक्टोरियन’ म्हणून सामान गोळा केलं, तर १८४० ची टोपी आणि १८९० चा दिवा एकाच टेबलावर येतात. लिव्हिंग हिस्टरीच्या कार्यक्रमात पहिल्यांदाच भाग घेत असाल तर मी १८८५ सुचवेन, कारण त्या सालात पुष्कळ गोष्टी बसतात. सिंगरचं पेटंट १८५१ चं, त्यामुळे शिवणयंत्र चालतं. रॉकेलचा दिवा, बेकिंग पावडर, अर्ध्या पेनीचं पोस्टकार्ड, सगळं चालतं. रंगांचीही काळजी मिटते. विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला १८५६ मध्ये कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग मिळाला आणि पुढे रासायनिक रंगांची रीघच लागली. म्हणून १८८५ साठी झगझगीत जांभळी, किरमिजी लोकर बेधडक घ्या.

सालानंतर घर, आणि त्या घरातली तुमची जागा. मालकीण बर्लिन वूलवर्क करते, म्हणजे चौकटीच्या कागदावर छापलेला नमुना बघून जाळीच्या कापडावर लोकरीने टाके मोजत भरते. मोलकरीण मोजे रफू करते, चादरी मधोमध कापून झिजलेली बाजू कडेला घेते. उत्तर इंग्लंडमधल्या खाणकामगाराची बायको चिंध्यांचं जाजम करते. एकाच बाईच्या हातात ही तिन्ही कामं शोभत नाहीत. एसेक्समधल्या ऑडली एंड या जुन्या हवेलीचं स्वयंपाकघर १८८१ सालचं धरून मांडलेलं आहे, श्रॉपशरच्या ब्लिस्ट्स हिल या खुल्या संग्रहालयात १९०० च्या आसपासचं अख्खं गाव आहे. जमलं तर एखाद्या ठिकाणी जाऊन तिथल्या बायकांचे हात नुसते बघत बसा.

‘मी भारतीय दिसते, मी कोण होऊ?’ हा प्रश्न आपल्याकडच्या मुली हमखास विचारतात. त्याचं उत्तर इतिहासातच आहे. पंडिता रमाबाई १८८३ ते १८८६ इंग्लंडमध्ये होत्या, आधी वाँटेजला आणि मग चेल्टनहॅमला. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला डॉक्टरकी शिकायला आल्या. साहेबांच्या मुलांना सांभाळत बोटीने येणाऱ्या आयाही होत्या, आणि काम संपल्यावर वाऱ्यावर सोडलेल्या आयांसाठी लंडनमध्ये निवाराही होता. तेव्हा लुगडं नेसून खुशाल उभ्या राहा. काठ छापील नको, विणलेले हवेत. तुम्ही इथे कशा आलात, कोणाबरोबर आलात, परत कधी जाणार, एवढं मात्र मनात पक्कं करून या, कारण लोक नेमकं तेच विचारतात.

आता काम निवडा. माझ्या मते सगळी तयारी या एका गोष्टीवर उभी आहे: काम वाक्याच्या मधेच थांबवता आलं पाहिजे आणि पुन्हा उचलता आलं पाहिजे. बारीक टाके मोजायचं भरतकाम बोलता बोलता बिघडतं. रफू बिघडत नाही. दुसरं म्हणजे काम अर्धवट झालेलं न्या. कोऱ्या कापडाकडे बघून लोकांना काहीच कळत नाही, आणि पूर्ण झालेली वस्तू बघून ते पुढे निघून जातात. अर्धवट कामाशी ते थांबतात, वाकून बघतात.

रफूसाठी हाताने विणलेला लोकरीचा जाड मोजा घ्या आणि टाचेला खरंच भोक पडू द्या. कात्रीने कापलेलं भोक लगेच ओळखू येतं, कारण झिजलेल्या भोकाच्या भोवतीची लोकरही पातळ झालेली असते. आत लाकडी गोळा घाला, नसेल तर लाकडी चमचाही चालतो. भोकाच्या बाहेर, जिथे विण धड आहे तिथून धावदोरा सुरू करा आणि उभे दोरे एकाशेजारी एक टाकत पलीकडे जा. प्रत्येक वळणावर दोरा ओढून घट्ट करू नका, गव्हाच्या दाण्याएवढा फास सैल सोडा. नवी लोकर धुतल्यावर आटते, फास नसेल तर रफू चुण्या धरतं आणि बुटात टोचतं. मग आडवे दोरे, एक खाली एक वर, पुढच्या ओळीत उलट. हे सैल फास दाखवले की प्रत्येक वेळी कोणीतरी आजीची आठवण काढतं आणि गप्पा आपोआप सुरू होतात.

चिंध्यांचं जाजम मला सर्वांत आवडतं. गोणपाट चौकटीवर ताणायचं, जुन्या कोटाच्या बोटभर लांब पट्ट्या कापायच्या आणि कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्याच्या टोकदार केलेल्या अर्ध्या भागाने त्या गोणपाटात खुपसायच्या. आपल्या गोधडीसारखंच, घरातला एकही कपडा वाया न घालवणारं हे काम. कडेला काळ्या पट्ट्या, मध्ये लाल. पट्ट्या घरूनच कापून न्या आणि कापड लोकरीचंच हवं, पॉलिस्टर लगेच चमकतं.

धुण्याचा दिवस बहुतेक घरांत सोमवार. धुणं दाखवणार असाल तर वॉशिंग सोडा, साबणाची वडी, स्टार्च आणि नीळ बरोबर असू द्या. इंग्लंडमधल्या हल शहरातल्या रेकिट कंपनीची नीळ तेव्हा घराघरात होती, आणि आपल्याकडे वापरली जाणारी रॉबिन ब्लूही त्याच कंपनीची. इस्त्र्या दोन लागतात, एक हातात आणि एक शेगडीवर. पत्रलेखनासाठी स्टीलच्या निबाचं टाक, दौत, टीपकागद. एवढं पुरे.

शेगडीजवळ उभं राहायचं असेल तर कपड्यांत तडजोड नको. घागरा लोकरीचा, ॲप्रन सुती, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. नायलॉनचं अस्तर वितळून कातडीला चिकटतं. वाळूची बादली कुठे आहे हे आल्याआल्या बघून ठेवा, आणि घागरा एका हाताने मागे धरून वाकायची सवय घरीच करा.

टोपलीच्या तळाशी औषधं, पाण्याची बाटली, फोन, वर चौकड्यांचं सुती फडकं. विणकामाच्या सुया लाकडाच्या किंवा स्टीलच्या, बटणं शिंपल्याची, हाडाची किंवा कापड चढवलेली. कपड्यांना चेन (झिप) नको, मनगटावर घड्याळ नको, नखांना रंग नको. चष्मा हवाच असेल तर तारेची बारीक गोल चौकट आधीच करून घ्या, चष्म्यावाल्याकडे वेळ लागतो.

आणि मुलांसाठी वेगळी पुरचुंडी बांधा: छोट्या चौकटीवर ताणलेलं गोणपाट, बोथट चिमटा, मूठभर लाल पट्ट्या. ‘मी करू?’ म्हणून हात पुढे आला की तो चिमटा लगेच त्या हातात देता आला पाहिजे.