मोजणीवाले बांधावर यायच्या आधी

सगळ्यात आधी आपल्या जमिनीचा गट खरंच रस्त्यात जातोय का, हे राजपत्रात बघा. चावडीवरची चर्चा वेगळी असते, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा नकाशा वेगळा असतो, आणि छापून आलेली अधिसूचना आणखी वेगळी. नागपूरकडून गोव्याकडं जाणाऱ्या शक्तिपीठ महामार्गाचं बोलायचं तर पहिल्या आखणीतले, वर्ध्याजवळचं पवनार ते गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी, बारा जिल्हे, सुमारे ८०२ किलोमीटर आणि ८६ हजार कोटींच्या घरातला खर्च हे आकडे सगळ्यांना पाठ झालेत. पण आपल्या गटाचं किती क्षेत्र, कुठल्या बाजूनं, हे विचारलं की दहातले सात जण गप्प बसतात. अधिसूचनेची प्रत काढा, त्यात गट नंबर आणि क्षेत्र यांखाली रेघ मारा आणि वर कुठला कायदा, कुठलं कलम लिहिलंय ते वाचा. राष्ट्रीय महामार्गाला १९५६ चा केंद्राचा कायदा लागतो. शक्तिपीठासारख्या राज्याच्या रस्त्याला १९५५ चा महाराष्ट्र महामार्ग कायदा लागतो. पुढची प्रत्येक मुदत, प्रत्येक अर्जाचा मायना यावर ठरतो.

हे का, ते सांगतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे, आणि खासगी भागीदारीच्या प्रकल्पाला ७० टक्के जमीनधारकांची संमती लागते. सभांमधून भाषणं होतात ती याच कायद्यावर. पण राज्यानं २०१८ मध्ये दुरुस्ती करून आपल्या काही कायद्यांना त्यातून बाजूला काढलं, आणि महाराष्ट्र महामार्ग कायदा त्यातलाच. मोबदल्याच्या तरतुदी लागू राहिल्या, संमतीची अट मात्र गेली. त्यामुळं ‘आम्ही संमती दिलेली नाही’ एवढ्या एका वाक्यावर हरकत उभी करू नका. ती तुमची राजकीय भूमिका आहे, आणि ती ठणकावून मांडायलाच हवी, पण प्रांताधिकाऱ्याच्या टेबलावर तिचं वजन फारसं पडत नाही.

आता कागद. डिजिटल सहीचा सातबारा, आठ अ, जुने फेरफार, गटाचा नकाशा, पूर्वी मोजणी झाली असेल तर तिची क प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा), हे एका फायलीत लावा. मग सातबारा शांतपणे वाचा. आजोबांचं नाव अजून तसंच आहे का? चुलत्यांच्या वारसांची नोंद झाली का? बहिणींची नावं लागलीत का, की ‘नंतर बघू’ म्हणून वीस वर्षं गेली? खातेफोड तोंडी आणि वहिवाट वेगळी, हे आपल्याकडं घरोघरी आहे. एरवी चालून जातं. भूसंपादनात चालत नाही, कारण वाद दिसला की रक्कम अडकून पडते आणि भाऊबंदकी कोर्टात जाते. शिवाय हरकतीवर सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या असल्या की ती एकट्याची राहत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात आजरा-भुदरगडकडच्या निम्म्या घरांचा एकतरी हिस्सेदार मुंबईत असतो. दलाल आधी त्याच्याकडं जातो, हे लक्षात ठेवा. त्याला आजच फोन करा, काय चाललंय ते सांगा, आणि कुठल्याही संमतीपत्रावर किंवा मुखत्यारपत्रावर सही करण्याआधी गावाकडं विचारायचं असं ठरवून टाका.

विहीर, बोअर, पाइपलाइन, ठिबक, गोठा, घर, झाडं यांची नोंद सातबाऱ्यावर किंवा पीक पाहणीत नसेल तर ती तुमच्या डोळ्यांपुढं असली तरी सरकारच्या लेखी नाही. नोंदीसाठी अर्ज टाका. फोटो काढताना तारीख आणि ठिकाण फोटोवर उमटेल असं अ‍ॅप वापरा. झाडांची मोजदाद करून जात, वय, घेर लिहून ठेवा. बांधावरचा आंबा म्हणजे ‘एक झाड’ नव्हे.

एका गोष्टीवर मात्र थोडं थांबायला पाहिजे, कारण तिकडं कुणाचंच लक्ष नसतं. शिरोळ, करवीर, कागल पट्ट्यातली शेती नदीवरून उचललेल्या पाण्यावर उभी आहे. सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या जमिनीखालच्या वाहिन्या शेकडो गटांतून गेल्यात. महामार्ग त्या आडव्या कापतो तेव्हा ज्याचा गुंठाही गेला नाही, त्याचाही ऊस वाळतो. त्याचं नाव अधिसूचनेत नसतं, त्याला नोटीस येत नाही, मोबदल्याच्या तक्त्यात तो कुठंच नसतो. म्हणून संस्थेच्या सचिवांकडून वाहिन्यांचा नकाशा, लाभक्षेत्र आणि सभासदांची यादी मागवा आणि संस्थेच्या लेटरहेडवर स्वतंत्र हरकत द्या. पाणंदीचंही तसंच. रस्त्यापलीकडं उरलेल्या सोळा गुंठ्यांत बैलगाडी कशी जाणार, ट्रॅक्टरला किती लांबचा वळसा, खालून जाण्यासाठी मोरी कुठं, हे नकाशावर पेन्सिलनं काढून जोडा. तुकडा कसण्यालायक उरत नसेल तर तेही लिहा.

पुराचा मुद्दा लिहिताना भावनेपेक्षा पातळी लिहा. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही वर्षी पाणी आपल्या शेतात, शाळेच्या भिंतीवर, देवळाच्या पायरीवर कुठवर आलं होतं, त्या खुणा अजून आहेत. त्यांचे फोटो काढा, उंची मोजा. पंचगंगेच्या पूरपट्ट्यात भराव घालून रस्ता नेला की तो पाण्याला आडवा बांध होतो, हे इथल्या कुणालाही शिकवावं लागत नाही, पण फायलीत ते आकड्यांत यायला हवं. त्याला जोडूनच विचारा, की रत्नागिरी-नागपूर महामार्ग याच भागातून जात असताना दुसरा कशासाठी, वाहतुकीचा अभ्यास कुठं आहे, पर्यायी आखण्या कोणत्या तपासल्या आणि का नाकारल्या. ही कागदपत्रं माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराची मुदत तीस दिवस, आणि उत्तर नाही आलं तर अपील. हरकतीची मुदत बहुधा एकवीस दिवसांचीच असते, म्हणून अधिसूचनेची वाट न बघता हा अर्ज आधीच टाकलेला बरा.

हरकत प्रत्येक खातेदारानं आपापली द्यावी. एकच छापील नमुना आणि खाली पाचशे सह्या, याचा गठ्ठा वर्तमानपत्रात फोटोला छान दिसतो. निकाल देणारा अधिकारी मात्र त्याला एकाच ओळीत उडवतो. नमुना वापरा, पण निम्मं पान स्वतःच्या गटाबद्दल असू द्या. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का दिला नाही तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. ‘मला प्रत्यक्ष सुनावणी हवी’ हे वाक्य विसरू नका. सुनावणीला गेलात तर जे बोललात ते लेखीही द्या, आणि हरकत फेटाळली तर त्या आदेशाची प्रत मागा. उद्या उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर वकील पहिल्यांदा तीच मागेल.

ग्रामसभेचा ठराव घ्या. खरं सांगायचं तर अनुसूचित (आदिवासी) क्षेत्राबाहेर या ठरावामुळं भूसंपादन कायदेशीरदृष्ट्या थांबत नाही. तरीही तो हवा, कारण पुढारी ठरावाला भितात. गणपूर्ती झाल्याची नोंद, हजेरीच्या सह्या, महिलांची उपस्थिती, ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही असलेली नक्कल हे सगळं नीट असू द्या.

आणि पुढाऱ्यांचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यापुरती अधिसूचना रद्द झाली, तेव्हा पुष्कळांनी विषय संपला असं धरलं. २४ जून २०२५ ला मंत्रिमंडळानं याच महामार्गासाठी २० हजार ७८७ कोटींच्या तरतुदीला मान्यता दिली आणि आठवड्याभरात, १ जुलैला, कृषिदिनी शेतकरी पुन्हा रस्त्यावर होते. निवडणुकीआधी ‘रद्द’ हा शब्द स्वस्त असतो. तेव्हा प्रत्येक उमेदवाराकडून, सत्तेतल्या आणि विरोधातल्याही, लेखी भूमिका घ्या: प्रकल्प नको म्हणता, की फक्त आमच्या तालुक्यातून नको म्हणता? या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं उत्तर देणारा माणूस आखणी शेजारच्या तालुक्यात ढकलून मोकळा होतो, आणि मग दोन तालुके एकमेकांशी भांडत बसतात. आखणी बदलण्याच्या चर्चा सुरू झाल्यापासून हे होऊ लागलंय.

कोल्हापूरच्या टोलची गोष्ट इथं कामाची आहे. शहरातल्या जेमतेम पन्नास किलोमीटर रस्त्यांसाठी तीस वर्षं टोल भरायचा, असा तो करार होता. प्रा. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं पुढं होती, पण टोलविरोधी समितीत बसलेले लोक सगळ्या पक्षांचे होते आणि कुठल्याच पक्षाला ती आपली म्हणता आली नाही. २०१५ संपताना टोल रद्द झाला. त्या लढ्यात करार वाचणारे, रस्त्याच्या कामाच्या दर्जाची तपासणी मागणारे लोक होते, हे जाळलेल्या नाक्यांच्या फोटोंमुळं मागं पडतं. शक्तिपीठाच्या बाबतीतही टोलचा हिशेब मागाच: किती वर्षं, दर किलोमीटरला किती, आणि ज्यानं जमीन दिली त्याला स्वतःच्या शेताशेजारून जाताना काय? समृद्धी ज्यांच्या शिवारातून गेला त्यांना विचारा, कुंपणाच्या आतला रस्ता त्यांना किती उपयोगाचा पडतो. बारा जिल्ह्यांतले काही शेतकरी मोबदल्यासाठी या रस्त्याच्या बाजूनं आहेत. कोरडवाहू, कर्जात बुडालेल्या माणसाला पाचपट रकमेची ओढ वाटणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्याला गद्दार म्हणू नका, त्याच्यासोबत बसून हिशेब करा.

मोबदल्याचा विषय काढला की आंदोलन ढिलं पडतं, असं काही कार्यकर्ते म्हणतात. मला ते पटत नाही. विरोध करतानाच दराची तयारी हवी. कायद्यात मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी धरतात, ती ग्रामीण भागासाठी ठरलेल्या आकड्यानं, म्हणजे गुणकानं, गुणतात आणि वर शंभर टक्के दिलासा रक्कम. तेव्हा दुय्यम निबंधकाकडून आसपासच्या व्यवहारांच्या सूची दोनच्या, म्हणजे नोंदलेल्या खरेदीच्या गोषवाऱ्याच्या, नकला काढा. मुद्रांक वाचवायला कागदावर कमी आणि हातात जास्त, असा व्यवहार ज्यांनी केला त्यांनी पूर्ण गावाचा दर पाडून ठेवलाय, आता काय बोलणार. गुणक किती धरला ते लेखी विचारा. थेट खरेदीनं देणाऱ्याला २५ टक्के जादा देतात, पण ती स्वखुशीची विक्री असते. एकदा खरेदीखत झालं की वाढीव मोबदला मागायचा रस्ता जवळपास बंद. निवाड्याची रक्कम घ्यायची वेळ आलीच तर ‘हरकत कायम ठेवून’ असं लिहूनच सही करा. वाटेकरी आणि शेतमजूर यांची यादीही गावच्या आंदोलन समितीनं करावी, कारण ती दुसरं कुणी करणार नाही.

मोजणीच्या दिवशी काय करायचं ते आधी ठरलेलं असू द्या. नोटीस मागा, ओळखपत्र मागा, कुठल्या खात्याचे कोण आलेत त्यांची नावं वहीत लिहा. व्हिडिओ काढणारे दोघं, बोलणारा एक, बाकीचे मागं. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या पंचनाम्यावर सही नाही. ‘मोजणीस हरकत’ असं लिहून तारखेसह सही चालेल. पोलिस बंदोबस्तात मोजणी झालेली राज्यानं पाहिलीय. अशा वेळी दगड उपटायला, टेपला हात घालायला तरुण पोरं पुढं धावतात, आणि सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा, आताच्या न्याय संहितेतलं कलम १३२, त्यांच्याच नावावर चढतो. भरतीची तयारी करणाऱ्या पोराला त्या दिवशी गावाबाहेर कामाला पाठवा. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी आणि बायकांनी बांधावर बसावं. जमावबंदीचा आदेश लागलाय का ते आदल्या दिवशी विचारून घ्या, आणि वकिलाचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

शेवटची दोन कामं कंटाळवाणी आहेत. एक, वर्गणीची वही. झेरॉक्स, गाड्या, मुंबईचं आझाद मैदान, वकिलाची फी याला पैसे लागतात, आणि हिशेब दर महिन्याला चावडीवर वाचला नाही तर समिती प्रकल्पाच्या आधी फुटते. दुसरं, एक माणूस नेमा. त्यानं दर आठवड्याला राजपत्र, प्रांत कार्यालयाचा फलक आणि खपाची दोन वर्तमानपत्रं, त्यातल्या शेवटच्या पानांवरच्या बारीक जाहिरातींसकट, बघायची. रद्द झाल्याची बातमी आली तरी त्याचं काम चालूच ठेवायचं.