परदेशी मॅरेथॉनचा बिब हवाय? मग वर्षभर आधी ही तयारी करा

पासपोर्ट कपाटातून काढून समोर ठेवा आणि त्यावरचं नाव जसंच्या तसं एका कागदावर उतरवून घ्या. आडनाव कुठल्या रकान्यात आहे, मधलं नाव पूर्ण आहे की नुसतं आद्याक्षर, स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ आहे की दोन, हे सगळं नीट बघा. अर्जात हेच नाव जायला हवं, कारण बिब, म्हणजे छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक, घ्यायला एक्स्पोत (रेसआधी बिब वाटतात त्या प्रदर्शनात) उभे राहाल तेव्हा तिथला माणूस पासपोर्ट आणि नोंदणी ताडून बघणार. पासपोर्टची मुदतही आत्ताच बघून ठेवा. अर्ज भरल्यापासून रेसच्या दिवसापर्यंत सहा महिने ते वर्षभर सहज जातं. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, जायचं असेल, तर तिथून निघायच्या तारखेनंतरही पासपोर्ट किमान तीन महिने चालू असावा लागतो आणि तो दहा वर्षांपेक्षा जुना चालत नाही. मुदत काठावर असेल तर नवा पासपोर्ट आधी काढा, अर्ज मग करा.

दुसरं काम मेलचं, आणि याबद्दल मी जरा आग्रहाने सांगणार आहे. अर्जासाठी असा मेल पत्ता द्या जो वर्षभराने नक्की तुमच्याच हातात असेल. मी एकदा ऑफिसचा पत्ता दिला होता. मधल्या काळात नोकरी बदलली आणि तो पत्ता बंद झाला. बऱ्याच मोठ्या रेस जागा सोडतीने देतात. त्या सोडतीत माझं नाव आलं होतं हे मला फी भरायची मुदत उलटून गेल्यावर कळलं. त्या रेसला माझा नंबर पुन्हा लागायला चार वर्षं गेली. तेव्हापासून रेसच्या कामाला एकच वैयक्तिक पत्ता वापरते, आयोजकांचा पत्ता ओळखीच्या यादीत घालते आणि निकालाच्या आठवड्यात स्पॅमचा कप्पा रोज उघडते. वेबसाइटवरच्या आपल्या खात्यातही निकाल दिसतो, तेव्हा त्याचा पासवर्ड जपून ठेवा.

आता रेस कुठली ते ठरवा. बहुतेकांच्या डोक्यात टोकियो, बोस्टन, लंडन, बर्लिन, शिकागो आणि न्यूयॉर्क या सहा मोठ्या रेसची ‘वर्ल्ड मॅरेथॉन मेजर्स’ ही मालिका असते. २०२५ पासून सिडनीही त्या मालिकेत आलं, म्हणजे आता सात. नावाच्या मोहात पडण्याआधी प्रत्येक रेसची कटऑफ वेळ, म्हणजे ती पूर्ण करायला जास्तीत जास्त किती वेळ मिळतो, ते बघा. बर्लिनला सव्वासहा तास मिळतात, शिकागोला साडेसहा, टोकियोला सात. टोकियोचे सात तास सुरुवातीची बंदूक वाजल्यापासून मोजतात, तुम्ही रेघ ओलांडल्यापासून नाही. शिवाय वाटेत ठिकठिकाणी कटऑफ असतात आणि तिथे उशीर झाला की पळणाऱ्याला थांबवतात. तुम्हाला ४२.१९५ किलोमीटरला साडेसहा तास लागत असतील आणि तुमचा गट शेवटून सुटणार असेल, तर टोकियोत पहिल्या किलोमीटरपासून घड्याळ मागे लागेल. आपल्या पेसला, म्हणजे धावायच्या वेगाला, साजेशी रेस निवडणं हा जागा मिळवण्याचाच एक भाग आहे, असं मला मनापासून वाटतं. मिळालेली जागा अर्ध्या रस्त्यात गमावण्यात काय अर्थ?

सोडतीचं गणित स्वच्छ डोक्याने समजून घ्या, म्हणजे निराशा कमी होते. लंडनच्या २०२६ च्या रेससाठी ११ लाखांहून जास्त अर्ज आले. त्याच्या आदल्या वर्षी, २०२५ मध्ये, ती रेस ५६,६४० जणांनी पूर्ण केली होती. म्हणजे तेवढ्या सगळ्या जागा सोडतीला दिल्या असत्या, तरी वीसात एकाचाच नंबर लागला असता. प्रत्यक्षात बऱ्याच जागा धर्मादाय संस्थांकडे, क्लबांकडे आणि वेगवान धावपटूंकडे जातात, त्यामुळे सोडतीतली शक्यता त्याहून बरीच कमी असते. तरी वादासाठी वीसात एक धरू. सलग पाच वर्षं अर्ज केलात, तर एकदा तरी नाव येण्याची शक्यता साधारण २३ टक्के होते आणि दहा वर्षांनी ४०. ‘दहा वर्षं भरतोय, यंदा लागायलाच हवा’ असं म्हणणाऱ्याचं दुःख मी समजू शकते, पण सोडतीला मागचं काही आठवत नाही. म्हणून एकाच रेसची वाट बघत बसू नका, दोन-तीन ठिकाणी अर्ज करा. मात्र दोन्हीकडे नाव आलं तर काय, हे आधी ठरवा. न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी नाव निघताच कार्डावरून फी आपोआप कापली जाते. तिथे ‘बघू, विचार करू’ला जागा नसते.

या अर्जांच्या खिडक्या वर्षभर विखुरलेल्या असतात आणि त्या कॅलेंडरवर मांडल्या की अर्धं काम होतं. लंडनची खिडकी एप्रिलमध्ये, रेसच्याच सुमारास उघडते आणि साधारण आठवड्यात बंद होते. टोकियोची सर्वसाधारण सोडत ऑगस्टच्या आसपास असते. बोस्टनची नोंदणी सप्टेंबरात. बर्लिन आणि सिडनी आपली रेस झाल्यावर थोड्याच दिवसांत पुढच्या वर्षीचे अर्ज घेतात, शिकागोही ऑक्टोबर-नोव्हेंबरात. न्यूयॉर्कचे अर्ज अलीकडे फेब्रुवारीत असतात. तारखा दरवर्षी थोड्या हलतात, म्हणून मोबाइलमध्ये प्रत्येक रेससाठी दोन गजर लावा, एक खिडकी उघडायच्या आठवड्याचा आणि दुसरा बंद होण्याच्या दोन दिवस आधीचा. पहिल्याच मिनिटाला अर्ज केला म्हणून सोडतीत काही फायदा होत नाही. पण शेवटच्या रात्री साइट रखडली तर तोटा नक्की होतो.

मित्रांसोबत जायचं असेल तर बर्लिनचा एक नियम लक्षात ठेवा. तिथे दोघातिघांचा गट करून सोडतीत उतरता येतं. लागला तर सगळ्यांचा नंबर लागतो, नाहीतर कुणाचाच नाही. जोडीने पळणाऱ्यांना हे फार सोयीचं आहे, कारण एकाचं नाव आलं आणि दुसऱ्याचं नाही, ही घरातली कठीण संध्याकाळ टळते.

बोस्टनची गोष्ट वेगळी. तिथे सर्वसाधारण सोडतच नाही. १९७० पासून त्यांनी पात्रता वेळ लावली आहे आणि अलीकडे ती चाळणी दर काही वर्षांनी बारीक होत आली आहे. २०२६ च्या रेससाठी १८ ते ३४ वयाच्या पुरुषांना २ तास ५५ मिनिटं आणि स्त्रियांना ३ तास २५ मिनिटं ही वेळ होती. पुढच्या वयोगटांना ती वाढत जाते. वय धरतात ते रेसच्या दिवसाचं, पात्रता रेस पळालात त्या दिवसाचं नाही. बोस्टनची रेस एप्रिलमध्ये असते, तेव्हा वाढदिवस मार्चमध्ये असेल आणि त्या वाढदिवसाला वयोगट बदलत असेल, तर नीट हिशेब करा, पाच मिनिटं पदरात पडू शकतात. पण पात्रता वेळ गाठली म्हणजे जागा मिळाली असं मात्र धरू नका. २०२५ च्या रेससाठी पात्र वेळ असलेल्या ३६,३९३ जणांनी अर्ज केले आणि त्यातल्या १२,३२४ जणांना नकार आला. आत जायला आपापल्या पात्रता वेळेपेक्षा ६ मिनिटं ५१ सेकंद जास्त वेगाने पळालेलं असावं लागलं. म्हणून वेळ ठरवताना हाताशी सात-आठ मिनिटं ठेवा. पात्रतेसाठी निवडलेल्या रेसचा मार्ग अधिकृत प्रमाणपत्र असलेला आहे ना, हेही तपासा. आणि डोंगरउताराच्या ‘फास्ट’ रेसच्या नादी लागणार असाल तर थांबा. २०२७ च्या बोस्टनपासून सुरुवात आणि शेवट यांच्यात १,५०० ते २,९९९ फुटांचा उतार असेल तर तुमच्या वेळेत पाच मिनिटं वाढवून धरतात, ३,००० फुटांपासून दहा, आणि ६,००० फुटांपुढे ती वेळ घेतच नाहीत. सपाट, गार हवेतली, नीट मोजलेली रेस शोधा आणि ती रेस सप्टेंबरच्या बरीच आधी पळा, म्हणजे एखादी फसली तर दुसरी संधी उरते.

वेळेवर जागा देणाऱ्या इतर रेसही आहेत, पण नियम बारकाईने वाचा. लंडनची ‘गुड फॉर एज’ ही वयोगटाप्रमाणे ठरलेल्या वेळेवर जागा देणारी वाट फक्त ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे. बाहेरचा माणूस कितीही वेगवान असला तरी तिथून आत येत नाही. न्यूयॉर्कची ‘नाइन प्लस वन’ वाट, म्हणजे तिथल्या क्लबच्या नऊ रेस पळायच्या आणि एका रेसला स्वयंसेवक म्हणून उभं राहायचं, हीसुद्धा त्या शहराच्या जवळ राहणाऱ्यालाच जमते.

सोडत आणि वेग दोन्ही नसतील तर धर्मादाय संस्थेची जागा, म्हणजे संस्थेसाठी देणग्या गोळा करायच्या आणि तिच्या वाट्याचा बिब मिळवायचा. इथे एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: या संस्थेच्या कामासाठी मी लोकांकडे हात पसरू शकेन का? लंडनला बहुतेक संस्था २,००० पौंड किंवा त्याहून जास्त उभे करायला सांगतात, न्यूयॉर्कला साधारण ३,००० डॉलर आणि पुढे, बोस्टनला याहून बरंच जास्त. अमेरिकेतल्या कित्येक संस्था सुरुवातीलाच कार्डाचा तपशील घेतात आणि रक्कम कमी पडली तर उरलेली तुमच्याकडून वसूल करतात. रेसची फी बहुधा वेगळी असते. हे आकडे कागदावर मांडा, कुणाकुणाला विचारणार त्यांची नावं लिहा, आणि ती यादी पुरेशी वाटली तरच सही करा. ज्या कामावर आपला खरोखर जीव आहे ती संस्था निवडली तर पैसे मागताना जीभ अडखळत नाही, हा माझा अनुभव आहे.

टूर कंपनीकडून पॅकेज घेणं ही सगळ्यात सरळ आणि सहसा महागडी वाट. बिबसोबत बहुधा हॉटेलही घ्यावं लागतं. कंपनीचं नाव त्या रेसच्या अधिकृत यादीत आहे का ते आयोजकांच्या साइटवर जाऊन बघा, कंपनीच्या शब्दावर विसंबू नका. आणि कुणी सोशल मीडियावर ‘माझा बिब विकायचा आहे’ म्हणत असेल तर तिकडे फिरकूसुद्धा नका. मोठ्या रेसमध्ये बिब दुसऱ्याला देता येत नाही. पकडले गेलात तर बाद होताच, पण त्याहून गंभीर म्हणजे तुम्ही रस्त्यात कोसळलात तर डॉक्टरांच्या हाती दुसऱ्याच माणसाची माहिती पडते.

कागदपत्रांत वैद्यकीय दाखला विसरला जातो. इटलीतल्या मॅरेथॉनला डॉक्टरांचा खेळासाठीचा तंदुरुस्तीचा दाखला लागू शकतो आणि तो तपासण्यांशिवाय मिळत नाही. फ्रान्समध्ये आता त्याऐवजी ऑनलाइन आरोग्य-माहितीचा टप्पा पूर्ण करून त्याचा क्रमांक द्यावा लागतो. २०२५ पर्यंत तो तीन महिनेच चालायचा, म्हणून त्याची आत्ताची मुदत बघून मगच करा.

व्हिसा लागत असेल तर मागून मोजत या. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. ब्रिटनचा अभ्यागत व्हिसा तीन महिने आधीपासून. अमेरिकेच्या व्हिसासाठी मुलाखतीची तारीखच अनेक शहरांत लांबची मिळते, तेव्हा तिथल्या सोडतीत उतरण्याआधीच व्हिसाकडे बघा. रेसचं कन्फर्मेशन अर्जाला जोडा, पण ते जोडलं म्हणून व्हिसा मिळतोच असं नाही.

पैशांबाबत माझा नियम एकच आहे: जागा पक्की होईपर्यंत परत न मिळणारी एकही गोष्ट विकत घ्यायची नाही. हॉटेल मात्र अर्ज केल्या दिवशीच बुक करते, फुकट रद्द करता येणारं, कारण निकाल लागल्यावर रेसच्या आसपासच्या खोल्या आणि त्यांचे भाव दोन्ही हाताबाहेर जातात. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का, मर्यादा पुरेशी आहे का आणि निकालाच्या महिन्यात त्याची मुदत संपत नाही ना, हे बघा. रेस रद्दही होऊ शकते. २०१२ मध्ये सँडी वादळानंतर न्यूयॉर्क मॅरेथॉन अवघ्या दोन दिवसांवर आली असताना रद्द झाली, तोवर कितीतरी धावपटू शहरात पोचलेही होते. २०२० मध्ये टोकियोत फक्त अव्वल धावपटू पळाले, बाकी हजारो जण घरी राहिले. फी परत मिळते का, दुखापत झाली तर जागा पुढच्या वर्षी नेता येते का, नेली तर फी पुन्हा भरायची का, हे तीन प्रश्न अर्जाआधी विचारा. लंडनला गरोदर स्त्रियांना जागा तीन वर्षांपर्यंत पुढे नेता येते, हे फार थोड्यांना माहीत असतं.

निकालापर्यंत पळणं थांबवू नका. आठवड्याचा लांब पल्ला २० किलोमीटरच्या आसपास टिकवून ठेवला, तर नाव आल्यावर १६ आठवडे पुरतात. टोकियोचा निकाल लागतो तेव्हा रेस जेमतेम पाच महिन्यांवर असते. नाव नाही आलं तर त्याच मोसमातली पर्यायी रेस हाताशी असू द्या. लंडनऐवजी रॉटरडॅम, बर्लिनऐवजी फ्रँकफर्ट. दोन्ही सपाट आणि वेगवान आहेत आणि पुढच्या पात्रता वेळेसाठीही कामाला येतात.

नाव आलंच तर त्याच दिवशी फी भरा, पावती आणि कन्फर्मेशनची प्रिंट काढून पासपोर्टसोबत ठेवा. एक्स्पोच्या तारखा बघून विमान असं घ्या की एक दिवस उशीर झाला तरी बिब हातचा जाणार नाही. मोठ्या रेसमध्ये तो बहुधा रेसच्या दिवशी सकाळी मिळत नाही. बिब स्वतःच घ्यायला जावं लागतं, मैत्रिणीला पाठवून चालत नाही. बर्लिनला तिथेच मनगटावर पट्टी बांधतात. ती रेस संपेपर्यंत काढायची नाही, झोपतानाही नाही.