या चुका टाळा: मुंबईच्या वस्त्यांमध्ये लोकसहभागातून वारसा पर्यटन आखताना

मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको शैलीच्या ९४ इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हा त्यामागे ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्ह परिसरातील रहिवासी संघटनांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. कोळीवाडे, गावठाणे, गिरगावातील वाड्या आणि गिरणगावातील चाळी येथे वारसा फेऱ्या आखताना मात्र हा धडा सहज विसरला जातो. मार्ग, दर आणि वेळ आधी ठरते, जाहिरात तयार होते आणि सगळ्यात शेवटी वस्तीची बैठक बोलावली जाते. तिथे राहणाऱ्यांनी ठरवायच्या गोष्टी त्यांना केवळ कळवल्या जातात, आणि पुढच्या बहुतेक अडचणी या उलट्या क्रमातूनच निर्माण होतात.

वही आणि कॅमेरा घेऊन थेट गल्लीत शिरणे

मुंबईत अनोळखी माणूस घरांची मोजणी करू लागला की लोकांच्या मनात पहिला विचार येतो तो पुनर्विकासाचा. कोळीवाडे आणि गावठाणे यांच्या सीमांकनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळलेला आहे आणि आपल्या मूळ वस्तीला झोपडपट्टी ठरवले जाईल ही भीती तिथे खरी आहे. दुसरीकडे, १९९५ पासून लागू असलेल्या वारसा नियमावलीमुळे घर वारसा यादीत आले तर साध्या दुरुस्तीलाही परवानगीसाठी फिरावे लागेल, अशीही अनेकांची धारणा असते. त्यामुळे ‘आम्ही वारसा जपायला आलो आहोत’ हे वाक्य आयोजकाला आश्वासक वाटले, तरी ऐकणाऱ्याला ते धोक्याची सूचना वाटू शकते.

यावर उपाय असा, की पहिल्या भेटीत कोणतीही नोंद, मोजणी किंवा चित्रीकरण करू नये. आपण कोण, पैसे कोणाचे, गोळा केलेली माहिती कोणाकडे राहील आणि ती कशासाठी वापरली जाणार नाही, हे मराठीत एका पानावर लिहून द्यावे. संशय आधीच निर्माण झाला असेल, तर काम थांबवून काढलेली छायाचित्रे आणि केलेल्या नोंदी वस्तीसमोर ठेवाव्यात आणि लोक नको म्हणतील त्या काढून टाकाव्यात. यात एखादा महिना गेला तरी तो वाया जात नाही.

एका पदाधिकाऱ्याचा होकार पुरेसा मानणे

कोळी जमातीचे पाटील, मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष किंवा चाळ समितीचे सचिव यांना भेटणे आवश्यकच आहे, परंतु त्यांच्यापाशी थांबणे ही मोठी चूक आहे. मासळीचा व्यवहार प्रामुख्याने महिला सांभाळतात, चाळीत भाडेकरू आणि पोटभाडेकरूही राहतात, आणि फेरीचा सर्वाधिक त्रास गल्लीच्या तोंडाशी ज्यांचे घर आहे त्यांना होतो. यांपैकी कोणीही समितीत नसण्याची शक्यता असते.

बैठक कधी घेतो यावरूनच आपण कोणाला बोलावतो हे ठरते. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मासळीविक्रीचे मुख्य दिवस असल्याने त्या दिवशी सकाळी बोलावलेल्या सभेला विक्रेत्या महिला येणार नाहीत, आणि मग ‘महिलांना रस नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. सोमवारी किंवा मंगळवारी संध्याकाळी, महिलांची वेगळी बैठक घ्यावी.

पैशांचे बोलणे पुढे ढकलणे

वाद सर्वांत जास्त इथेच होतात. ‘आधी पर्यटक येऊ देत, मग बघू’ असे म्हटले की पहिल्या महिन्यातच कोणाच्या घरी जेवण झाले आणि कोणाच्या मुलाला वाटाड्याचे काम मिळाले यावरून भाऊबंदकी सुरू होते. समजा, १५ जणांच्या फेरीत प्रत्येकी ८०० रुपये घेतले, तर १२,००० रुपये जमतात. त्यातून दोन स्थानिक वाटाड्यांना ३,०००, बचत गटाच्या जेवणाला ४,५००, स्वच्छतेला ५००, वस्तीच्या सामाईक निधीला १,२०० आणि नोंदणी, कर व संयोजनाला २,८०० अशी विभागणी होऊ शकते. आकडे बदलतील, पण असा हिशोब पहिल्या फेरीआधी लिहून ठरावा आणि दर महिन्याला सोसायटीच्या फलकावर लागावा. सामाईक निधी आवश्यक आहे, कारण ज्यांचा पर्यटनाशी व्यवहार नाही त्यांच्याही दारावरून पर्यटक जातात.

लाभ आपोआप झिरपत नाही याचे ठळक उदाहरण मुंबईसमोरच्या घारापुरी बेटावर आहे. तेथील लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि गेटवेवरून पर्यटकांच्या बोटी अखंड येत राहिल्या, परंतु बेटावरील राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर या तीन वस्त्यांना समुद्राखालील केबलमधून नियमित वीज मिळण्यास २०१८ उजाडले.

काम आणि विधी यांना प्रेक्षणीय मानणे

१८७५ मध्ये खुल्या झालेल्या ससून डॉकमध्ये पहाटे चालणारा मासळीचा लिलाव हा व्यवहार आहे. तिथे वीस जणांचा गट वाटेत उभा राहिला तर कोणाचे तरी नुकसान होते. वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावाच्या पायऱ्यांवर पितृपक्षात तर्पणासाठी आलेल्या कुटुंबांची छायाचित्रे घेणे त्याहून गंभीर आहे. खोताच्या वाडीत किंवा माझगावच्या म्हातारपाखाडीत व्हरांडे गल्लीलाच लागून असल्यामुळे पाहुणा नकळत कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत डोकावत असतो.

कोणत्या जागा, कोणत्या वेळा आणि कोणते दिवस बंद राहतील याची यादी वस्तीने करावी आणि त्या यादीचे कारण विचारू नये. नारळी पौर्णिमेला बाहेरच्यांना बोलवायचे की नाही, हा निर्णय सर्वस्वी कोळीवाड्याचा आहे. गटाची मर्यादा गल्लीच्या रुंदीवरून ठरवावी. बारा ते पंधरा जणांपुढे माझ्या मते कोणत्याही कोळीवाड्यात जाऊ नये.

वर्तमान गाळून गोष्ट सांगणे

वरळी कोळीवाड्यात किल्ल्याचा इतिहास सांगायचा आणि सागरी किनारा मार्गाच्या पुलाच्या खांबांमध्ये बोटींना पुरेशी वाट मिळावी म्हणून तिथल्या मच्छीमारांनी दिलेला लढा वगळायचा, हे अर्धवट सांगणे झाले. गिरणगावात चाळींची रचना दाखवून १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपाबद्दल मौन पाळणे तसेच आहे. ही माहिती बाहेरून पाठ करून आलेल्या मार्गदर्शकापेक्षा तो काळ जगलेल्या माणसाने सांगावी आणि त्याला त्याचे मानधन मिळावे. फेरीत सांगायच्या माहितीची संहिता लिहिली गेली असेल, तर ती प्रसिद्ध करण्याआधी वस्तीत वाचून दाखवावी. चुका तिथेच सापडतात.

पावसाळ्याचे नियोजन फार गुंतागुंतीचे नाही, तरी ते राहून जाते. जून-जुलैतील मासेमारीबंदीच्या काळात यांत्रिक बोटी किनाऱ्याला असतात, त्यामुळे जाळी विणण्याचे आणि दुरुस्तीचे काम दाखवता येते. मात्र ताज्या मासळीच्या जेवणाचे वचन त्या काळात देऊ नये.

तक्रारी आल्यावर जाहिरात वाढवणे

दारे बंद होऊ लागली, मुले पर्यटकांकडे पैसे मागू लागली किंवा ठरलेले वाटाडे गैरहजर राहू लागले, तर नवीन नोंदणी त्वरित थांबवावी. आधी नोंद झालेल्यांचे पैसे परत करावेत, महिलांच्या गटाशी आणि गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्यांशी स्वतंत्रपणे बोलावे, हिशोब पुन्हा उघडावा आणि तीन महिन्यांसाठी निम्म्या फेऱ्यांवर यावे. कराराच्या पहिल्याच मसुद्यात फेऱ्या स्थगित करण्याचा अधिकार वस्तीच्या सभेला दिलेला असावा, आणि तसा ठराव झाल्यास वाटाड्यांचे त्या महिन्याचे मानधन आयोजकाने द्यावे, हेही त्यात लिहावे.