एका गोळीच्या रायफलीला काडतूस निवडताना

भारतात शिकारीला बंदी आहे. हे सगळं इकडच्या, अमेरिकेतल्या मोंटानामधल्या परवान्याच्या एल्क-शिकारीपुरतं (एल्क म्हणजे मोठ्या जातीचं हरीण). माझी रायफल रुगर नंबर वन. आत एकच काडतूस बसतं, दुसरं भरेपर्यंत जनावर झाडीत शिरलेलं असतं. म्हणून आधी स्वतःला विचारा: मी किती लांबून मारणार?

माझ्या रानात गच्च पाइन आहेत, शंभर-सव्वाशे यार्डांपलीकडे दिसतच नाही. तिथं मी .45-70 वापरतो. 1873 सालचं, अमेरिकी लष्कराचं काडतूस. 405 ग्रेनची, म्हणजे 26 ग्रॅमची गोळी सावकाश जाते, पण खोल घुसते. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते, त्यामुळे अशा रायफलीत रिकामं काडतूस ओढून काढायला सोपं जातं. मात्र 100 यार्डांवर नेम बसवला, तर साधी गोळी 200 यार्डांवर सुमारे 2 फूट खाली जाते. मोकळ्या माळावर मारायचं असेल तर .375 एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) हे काडतूस घ्या. बंदुकीचा धक्का सोसता येईल का, हे आधी नेमबाजीच्या मैदानावर बघा. धक्क्याच्या धास्तीनं डोळे मिटले तर जनावर जखमी होऊन पळतं, आणि ते मला सहन होत नाही.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. .45-70 ची काडतुसं दिसायला सारखीच, पण दाब वेगवेगळा. रुगरसाठी भरलेलं जोरकस काडतूस ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड या जुन्या लष्करी रायफलीत कधीही घालू नका, बंदूक फुटू शकते. खोक्यावरची सूचना दरवेळी वाचा.