देवाच्या वेळेची वाट कशी पाहावी

आधी एका वहीच्या पानावर दोन रकाने आखा. डावीकडे देवाने पवित्र शास्त्रात (बायबलात) स्पष्ट सांगितलेले लिहा: तो आपल्याला टाकणार नाही, मागणाऱ्याला ज्ञान देईल, पाप कबूल केल्यास क्षमा करील. उजवीकडे तुम्हाला हवे ते लिहा: ही नोकरी, हे लग्न, अमुक महिन्यापर्यंत मूल. उजवीकडचेही मनापासून मागा, त्यात काही गैर नाही. फक्त त्याला अभिवचन समजू नका. विश्वास डळमळतो तो बहुतेक वेळा इथेच. देवाने कधीच न दिलेली तारीख आपण मनात धरतो, ती टळते आणि देवाने शब्द मोडला असे वाटू लागते.

यासाठी बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचे २८ आणि २९ हे अध्याय एका बैठकीत वाचा. बाबेलला बंदिवान करून नेलेले यहूदी लोक दोन वर्षांत परततील असे हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता. ते सर्वांना आवडणारे होते आणि खोटे होते. यिर्मयाने ७० वर्षे सांगितली. शिवाय बंदिवानांना पत्रात लिहिले: घरे बांधा, मळे लावा, लग्ने करा, त्या नगरासाठी प्रार्थना करा. म्हणजे वाट पाहण्याच्या काळातही जगणे थांबवायचे नाही.

रोज ठरलेल्या वेळी १५ मिनिटे काढा आणि स्तोत्र १३ हाती घ्या. सहाच वचने आहेत. पहिल्या दोनांत दावीद चार वेळा ‘कोठवर?’ विचारतो, पुढच्या दोनांत मागणी करतो, शेवटच्या दोनांत भरवसा ठेवून गातो. प्रत्येक भागाला पाच मिनिटे द्या आणि आपल्या शब्दांत तेच बोला. पुष्कळ भाविक पहिला भाग गाळतात, कारण तक्रार म्हणजे अविश्वास असे त्यांना वाटते. पण देवासमोर न मांडलेली तक्रार आत साठते, तिची कटुता होते आणि ती घरच्यांवर निघते. एखाद्या दिवशी तिसरा भाग मनातून येणारच नाही. तेव्हा ती दोन वचने नुसती मोठ्याने वाचा आणि उठा, तेवढे पुरे.

मग वहीत त्या मागणीखाली आजचे एक काम लिहा. याकोबाच्या पत्रात (५:७) धीराचा दाखला शेतकऱ्याचा आहे. आगोटीचा आणि वळवाचा पाऊस त्याच्या हाती नाही, पण पेरणी त्याच्याच हाती आहे. नोकरी मागत असाल तर अर्ज करा, नाते जुळावे म्हणत असाल तर आधी क्षमा मागा. आजारात औषध बंद करून ‘देवाची वेळ’ पाहू नका. घरात मारहाण होत असेल तर ती सोसत राहणे हा धीर नव्हे. सुरक्षित जागी जा आणि मदत मागा.

सर्वांत मोठा धोका आडवाटेचा असतो. देवाने अब्राहामाला संततीचे अभिवचन दिले होते. तो हारान सोडताना ७५ वर्षांचा होता, अभिवचनाचा मुलगा इसहाक झाला तेव्हा १००. मधे ८६व्या वर्षी इश्माएल झाला, कारण त्याची बायको सारा हिने मूल व्हावे म्हणून आपली दासी हागार पुढे केली, आणि त्याची किंमत हागारेला रानात भटकून मोजावी लागली. शौल राजा शमुवेल संदेष्ट्याची वाट पाहत सात दिवस थांबला, पण लोक पांगू लागताच त्याने स्वतःच होमार्पण केले. ते आटोपले आणि शमुवेल येऊन पोहोचला. घाई सुटली की तीन गोष्टी तपासा: हे कोणापासून लपवावे लागते का? खोटे बोलावे लागते का? याची झळ दुसऱ्याला बसते का? एकाचे जरी उत्तर ‘हो’ असेल तर थांबा. तिन्हींची ‘नाही’ असली, तरी मोठा निर्णय दहा दिवस बाजूला ठेवा. यिर्मयालाही देवाचे उत्तर मिळायला दहा दिवस लागले होते (४२:७). तेवढ्यात मंडळीतल्या एका प्रौढ विश्वासणाऱ्याला सगळे सांगा, एकालाच.

दुसरा कोणी वाट पाहत असेल तर ‘देवाची वेळ अजून आली नाही’ असे लगेच ऐकवू नका. येशूचा मित्र लाजर याला कबरेत ठेवून चार दिवस झाल्यावर येशू तिथे आला. ‘तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता’ असे लाजराची बहीण मार्था बोलली आणि दुसरी बहीण मरीयाही तेच बोलली. येशूने कोणालाच रागावले नाही, तो रडला.

दर ३० दिवसांनी वही उघडा आणि वेगळ्या शाईने काय घडले ते तारखेसह लिहा. उत्तर ‘नाही’ असेल तर तेही लिहा. प्रेषित पौलाने ‘शरीरातला काटा’, म्हणजे त्याला छळणारे एक दुखणे, निघावे म्हणून देवाला तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा मिळाली. अशा नोंदीपाशी आलात की त्या दिवशी स्तोत्र १३ पुन्हा पहिल्या वचनापासून सुरू करा.